दिवे लावले की काटा वर!

खंबाटकी घाटात संध्याकाळी हेडलाइट लावले आणि टेंपरेचरचा काटा टुणकन लाल पट्ट्याजवळ. दिवे बंद केले, काटा खाली! वीस वर्षांची गाडी. आधी पोटात गोळाच आला. गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट (कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, व्हॉल्व्ह) बदलला, फरक शून्य. कूलंट पुरेसं होतं. आणि इंजिन असं क्षणात तापत नाही की निवत नाही, म्हणजे खोट वायरिंगमध्ये. दिवे लावून मल्टिमीटरचा (व्होल्टेज मोजायच्या यंत्राचा) एक प्रोब इंजिनवर, दुसरा बॉडीच्या उघड्या पत्र्यावर टेकवला: ०.८ व्होल्ट! तिथे व्होल्टेज जवळपास शून्य असायला हवं. म्हणजे दिव्यांचा करंट परत जायची वाट खराब, म्हणूनच काटा खोटं दाखवत होता. इंजिन-बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी सोडवली तर बोल्टखाली हिरवट चुरा. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. काटा आता मध्यावर ठाम. थर्मोस्टॅटचे पैसे मात्र गेले ते गेलेच.