जीपीकडचं वजन जुनं तर नाही?

ब्रिटनमध्ये राहत असाल आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त असेल, तर फ्लूची लस एनएचएसकडून, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, फुकट मिळते. उदाहरणार्थ, उंची १६५ सेंटिमीटर असेल तर साधारण १०९ किलो. पण लशीसाठी बोलवायची यादी जीपीच्या, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरच्या, कॉम्प्युटरमधून निघते आणि त्यात तुमचं शेवटचं नोंदवलेलं वजनच असतं. ते सहा वर्षांपूर्वी, नाव नोंदवताना घेतलेलं असेल तर यादीत नाव येणार कसं?

हिवाळ्याआधी एनएचएस अॅपमध्ये आपली नोंद उघडून बघा. वजन कधीचं आहे, तारीख पाहा. उंचीही पाहा, ती तर हमखास विसरली जाते. २०२१मध्ये लिव्हरपूलच्या एका धडधाकट, तरुण पत्रकाराला कोविड लशीसाठी प्राधान्याने बोलावणं आलं. सहा फूट दोन इंच उंची नोंदीत ६.२ सेंटिमीटर झाली होती, बीएमआय २८,०००! त्याने प्रामाणिकपणे फोन केला म्हणून कळलं. उलटी चूक झाली तर मात्र कोणी फोन करत नाही, बोलावणंच येत नाही.

चूक दिसली की रिसेप्शनला कळवा, नर्सकडून वजन-उंची मोजून घ्या. घरच्या काट्यावरचा आकडा चालेल का, तेही तिथेच विचारा.