सोसायटीच्या एसटीपीत डीओ कसा सांभाळायचा

एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं, लाईटबिल बघितलं की कमिटीला पहिलं सुचतं ते म्हणजे रात्री ब्लोअर (टँकमध्ये हवा सोडणारं यंत्र) बंद ठेवा, आणि मग काही दिवसांत खालच्या मजल्यावरून वासाच्या तक्रारी सुरू. प्लांटची निम्मी तरी वीज ब्लोअरच खातो हे खरंय, पण टँकमधल्या जिवाणूंना रात्रीपण ऑक्सिजन लागतो, थोडा कमी लागतो एवढंच. म्हणून आधी डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मोजा.

डीओ मीटरचा प्रोब थेट एअरेशन टँकमध्ये (जिथे ब्लोअरची हवा सोडतात) सोडायचा, अर्ध्या खोलीवर, बुडबुडे अंगावर येणार नाहीत अशा जागी, आणि आकडा स्थिरावला की लिहायचा. बाटलीत सँपल भरून ऑफिसात नेऊ नका प्लीज, वाटेतच जिवाणू उरलेला ऑक्सिजन संपवतात, आकडा कमी येतो आणि तुम्ही उगाच दुसरा ब्लोअर लावता. मीटरवर भरवसा ठेवायचा तर अधूनमधून दमट हवेत तपासा, पुण्याच्या उंचीवर ३० डिग्रीला साधारण ७ एमजी पर लिटर यायला हवं, ९ दाखवत असेल तर कॅलिब्रेशन गेलंय.

साध्या एअरेशन टँकला सकाळच्या गर्दीच्या वेळीसुद्धा २ एमजी पर लिटरच्या आसपास पुरे. एमबीबीआर असेल, म्हणजे टँकमध्ये जिवाणू वाढायला प्लास्टिकचे तुकडे (मीडिया) सोडलेले असतील, तर ३ च्या वर ठेवा, मीडियावरच्या थरात आतपर्यंत हवा पोचायला लागते. १ च्या खाली बराच वेळ राहिलं तर धाग्यासारखे जिवाणू वाढतात, स्लज (जिवाणूंचा गाळ) तळाशी बसत नाही.

व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र) असेल तर ब्लोअरचा वेग थोडा थोडा कमी करा आणि दर वेळी अर्धा तास थांबून बघा. नसेल तर ट्विन लोब ब्लोअरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आवळून हवा कमी करायला जाऊ नका, प्रेशर वाढतं, मोटर ओव्हरलोड होते! त्यापेक्षा पुली बदला, नाहीतर टायमरवर थोडा वेळ बंद, मग चालू.

ब्लोअर फुल असूनही डीओ चढत नसेल तर प्रेशर गेज बघा. प्रेशर वाढलंय म्हणजे डिफ्युझर (टँकच्या तळाशी बुडबुडे सोडणारा भाग) चोक, एकाच जागी पाणी उकळल्यासारखं दिसतंय म्हणजे डिफ्युझरचं मेंब्रेन (पडदा) फाटलंय, दोन्ही नसेल तर एमएलएसएस (टँकमधल्या स्लजचं प्रमाण) जास्त झालाय का बघा, असेल तर स्लज काढा.

आणि काही न बदलता डीओ अचानक ५-६ वर गेला तर खूश होऊ नका, जिवाणूच मेले असतील. कुणी ॲसिड किंवा क्लिनर ओतलंय का ते त्याच दिवशी शोधा.