अमेरिकेचं नागरिकत्व घेताना खर्चाचा हिशेब: या चुका टाळा

बहुतेक घरांच्या हिशेबात एकच आकडा असतो, नागरिकत्वासाठीच्या एन-४०० अर्जाची फी. एप्रिल २०२४ पासून ती ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर आणि कागदी अर्जाला ७६० डॉलर आहे. बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे, फोटो) पैसे त्यातच आले, पूर्वीसारखे वेगळे ८५ डॉलर लागत नाहीत. पण आपल्याकडच्या कुटुंबांचा मोठा खर्च नागरिकत्वाच्या शपथविधीनंतर सुरू होतो, आणि तोच फारसं कुणी धरत नाही.

नवरा, बायको आणि ग्रीन कार्डवरची सोळा वर्षांखालची दोन मुलं असं घर घ्या. मोठ्यांचे ऑनलाइन अर्ज १,४२० डॉलर. शपथ झाली की मोठ्यांचे पासपोर्ट प्रत्येकी १६५, मुलांचे १३५. मग चौघांचं ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात ये-जा करू देणारं कार्ड, माणशी २७५. बेरीज ३,१२० डॉलर, म्हणजे मनात धरलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त. भारतीय नागरिकत्व सोडल्याचा दाखला, हे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीचं सेवाशुल्क, फोटो, कुरिअर हे सगळं आणखी वेगळं. तो दाखला टाळून चालत नाही. त्याशिवाय ओसीआय मिळत नाही, आणि शपथेनंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं हा गुन्हा आहे.

मुलांसाठी घाईने एन-६००, म्हणजे नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज, भरणं ही सगळ्यात महागडी चूक. ऑनलाइन भरला तरी एका मुलामागे १,३३५ डॉलर जातात. आई किंवा वडील नागरिक झाले, मूल अठरा वर्षांखालचं आहे, त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि ते त्या पालकाच्या कायदेशीर ताब्यात अमेरिकेतच राहतं, तर ते आपोआप नागरिक होतं. थेट अमेरिकन पासपोर्ट काढा, नागरिकत्वाचा पुरावा म्हणून तो चालतो. प्रमाणपत्र हवंच असेल तर पुढे सवडीने काढता येईल.

सवलत आपल्यासाठी नसणार असं गृहीत धरू नका. घरचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांपर्यंत असेल तर एन-४०० ची फी ३८० डॉलर होते. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे अलास्का आणि हवाई वगळता चौघांच्या कुटुंबासाठी ही मर्यादा १,२८,६०० डॉलर होती. एकाच पगारावर चालणारी कितीतरी मराठी घरं यात बसतात, पण कुणी सांगतच नाही याचं मला फार वाईट वाटतं. उत्पन्न १५० टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण माफीही मागता येते. मात्र सवलत मागायची तर अर्ज कागदीच लागतो, आणि कागदी अर्जासोबत आता चेक चालत नाही. कार्डाने भरायचं तर जी-१४५०, बँक खात्यातून भरायचं तर जी-१६५० हा फॉर्म जोडा.

ग्रीन कार्डाची मुदत संपत आली म्हणून आधी आय-९० वर, म्हणजे कार्ड नवीन करून घेण्याच्या अर्जावर, ४१५ डॉलर घालू नका. एन-४०० भरायला पात्र असाल तर तोच भरा, त्याच्या पावतीने कार्डाची मुदत २४ महिने वाढते.

वकील प्रत्येकाला लागत नाही. सरळ प्रकरणात अर्ज स्वतः भरता येतो. पण आईवडिलांच्या आजारपणात सहा महिन्यांहून जास्त सलग भारतात राहणं झालं असेल, किंवा कधी अटक झाली असेल, तर अर्जाआधी सल्ल्याचे पैसे जरूर खर्च करा. अर्ज नामंजूर झाला की फी परत मिळत नाही, आणि फेरसुनावणीचा एन-३३६ ऑनलाइन भरला तरी ७८० डॉलर घेतो. नागरिकत्वाच्या परीक्षेच्या क्लासचे पैसे मात्र वाचवा. सगळे प्रश्न यूएससीआयएसच्या, म्हणजे हे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी खात्याच्या, संकेतस्थळावर फुकट आहेत, आणि पहिल्यांदा अडखळलात तर ६० ते ९० दिवसांत एक संधी पुन्हा विनाशुल्क मिळते.

मराठी जन्मदाखला किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा असेल तर एजन्सी आणि नोटरीवर खर्च करण्याची गरज नाही. दोन्ही भाषा नीट येणाऱ्या ओळखीच्या माणसाने पूर्ण भाषांतर करून तसं सहीनिशी लिहून दिलं की पुरतं.

नावाकडे वेळीच पाहा. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, मध्ये कधी वडिलांचं तर कधी नवऱ्याचं, ही आपली नेहमीची अडचण. नाव बदलून घ्यायचं असेल तर एन-४०० मध्येच तसं लिहा. न्यायाधीशांसमोरच्या शपथविधीत हे काम फुकट होतं, फक्त तारीख थोडी लांबू शकते. नंतर कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो, त्याची फी वेगळी, आणि मग पासपोर्टपासून ओसीआयपर्यंत सगळे कागद पुन्हा.

शपथेनंतरच्या आठवड्यांत भारताची तिकिटं काढू नका. ग्रीन कार्ड त्या दिवशीच जमा होतं आणि नवा पासपोर्ट हातात यायचा असतो. घरी कुणी आजारी असेल तर पासपोर्ट लवकर मिळवण्याचे जादा ६० डॉलर आणि ओसीआय येईपर्यंत भारताच्या व्हिसाचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवा.