उन्हाळ्यातली स्टायपेंडवाली पॉलिसी इंटर्नशिप: तयारी दसरा-दिवाळीपासून

परीक्षा संपत आली की विद्यार्थी येऊन विचारतात, "सर, सुट्टीत सरकारी धोरणाशी संबंधित काही काम मिळेल का? आणि थोडेफार पैसे?" पैशाचा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज खाली जातो. तो जाऊ नये. सांगली किंवा परभणीहून येऊन मोठ्या शहरात दोन-तीन महिने राहायचं, तर स्टायपेंड लागतोच. खरी अडचण वेगळी असते. एप्रिल उजाडेपर्यंत चांगल्या जागा भरून गेलेल्या असतात.

म्हणून आधी जाहिरातीतली मानधनाची ओळ वाचा. नीती आयोगाची इंटर्नशिप नावाजलेली आहे, पण विनावेतन. मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये मानधन मिळतं, पण ते वर्षभराचं पूर्णवेळ काम आहे, सुट्टीत जमणारं नाही. सुट्टीत बसणारी आणि पैसे देणारी माझ्या माहितीतली सर्वांत भक्कम संधी म्हणजे रिझर्व्ह बँकेची समर प्लेसमेंट. व्याजदर, ठेवींची सुरक्षितता, बँकांवरचे नियम ही धोरणं जिथे ठरतात, तिथे बसून काम करायला मिळतं. दरवर्षी जास्तीत जास्त १२५ विद्यार्थी घेतात आणि स्टायपेंड महिना २०,००० रुपये असतो.

आता पात्रता. अर्थशास्त्र, वाणिज्य, संख्याशास्त्र, व्यवस्थापन, बँकिंग, वित्त, विधी अशा विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणारे, पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचे आणि तीन वर्षांच्या पूर्णवेळ एलएलबीचे विद्यार्थी अर्ज करू शकतात. तुम्ही शेवटच्या वर्षाच्या आधीच्या वर्षात असायला हवं, म्हणजे दोन वर्षांच्या एमएला पहिल्या वर्षात. इथेच बरेच जण चुकतात. एमएच्या दुसऱ्या वर्षात गेल्यावर जाग येते आणि संधी गेलेली असते.

अर्ज ऑनलाइन भरायचा, १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर या काळात. मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत, काम एप्रिल ते जुलैदरम्यान, जास्तीत जास्त तीन महिने. मोबाइलमध्ये १५ ऑक्टोबरचा रिमाइंडर आजच लावा. शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. तेव्हाच नेमकी सेमिस्टरची धांदल असते.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो 'हे काम का करायचं आहे' या प्रश्नाच्या उत्तराला. "मला लहानपणापासून देशसेवेची आवड आहे" हे वाक्य मी अनेक कच्च्या मसुद्यांत वाचलं आहे. त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहिलेलं पाहा: "आमच्या गल्लीतल्या बहुतेकांच्या ठेवी सहकारी बँकेत आहेत. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आल्यावर खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली. पण आमच्याकडे अजूनही किती ठेवीदारांना हे माहीत आहे, ते मला तपासायचं आहे." चार वाक्यांत माणूस दिसतो, गाव दिसतं आणि एक खरा प्रश्न दिसतो. नागरी सहकारी बँका देशात सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत, त्यामुळे आपल्या मुलांकडे असे अनुभव घरातच असतात. ते मराठीत लिहून काढा, मग इंग्रजीत आणा. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की तयार साच्यातली वाक्यं येतात.

मुलाखतीसाठी रिझर्व्ह बँकेची अलीकडची दोन पतधोरण निवेदनं, म्हणजे व्याजदराच्या निर्णयाची पत्रकं, नीट वाचा. पतधोरण समितीत सहा सदस्य असतात आणि महागाईचं लक्ष्य ४ टक्के आहे, वर-खाली २ टक्क्यांची मुभा धरून, एवढं पाठ असणं पुरेसं नाही. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, पाव टक्क्याने बदलला तर तुमच्या काकांच्या रेपोशी जोडलेल्या गृहकर्जाचं व्याज काही महिन्यांत का बदलतं, आणि आजीच्या जुन्या मुदत ठेवीचं व्याज मुदत संपेपर्यंत तेच का राहतं, हे आईला समजावून सांगता आलं तर तयारी झाली असं समजा.

शेती, पशुवैद्यक, ग्रामीण अर्थकारण शिकत असाल तर नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेची विद्यार्थी इंटर्नशिप योजना पाहा. ८ ते १२ आठवडे काम, त्यात गावात जाऊन प्रत्यक्ष अभ्यास, आणि तिथेही स्टायपेंड आहे. रिझर्व्ह बँकेच्या तारखा तिला लागू नाहीत, तिची जाहिरात वेगळी येते.

निवड झाली की वहीत हिशेब मांडा. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना रिझर्व्ह बँक रेल्वेच्या सेकंड एसीचं जाण्यायेण्याचं भाडं देते, पण राहायची सोय आपली आपणच करायची. रिझर्व्ह बँकेचं मुख्यालय मुंबईत फोर्टला आहे, पण त्याच्या जवळपास खोली शोधण्यात दिवस घालवू नका. हार्बर किंवा मध्य रेल्वेवर लांब राहून लोकलचा पास काढणं परवडतं. डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचा खर्च घरून न्यावा लागतो, कारण स्टायपेंड हातात पडेपर्यंत दिवस जातात. गुप्ततेचं प्रतिज्ञापत्रही द्यावं लागतं, म्हणून कामातली आकडेवारी किंवा कागदपत्रं कुठेही पोस्ट करू नका.

आणि विद्यापीठाचं वेळापत्रक. आपल्याकडे परीक्षा मेपर्यंत रेंगाळतात. निवडीचं पत्र येताच विभागप्रमुखांना भेटा, शेवटच्या पेपरची तारीख विचारा आणि त्यानंतरचीच रुजू होण्याची तारीख मागून घ्या.