बीटलचे मडगार्ड उतरवताना

जुन्या गाड्यांच्या कामात येऊ पाहणारी मुलं पहिल्याच दिवशी वेल्डिंग मागतात. मी आधी पाना हातात देतो. गाडी सोडवल्याशिवाय गंज कुठवर गेलाय ते कळत नाही, आणि घाईत फाटलेला चांगला पत्रा पुन्हा घडवणं जिवावर येतं.

सोडवायला शिकायचं तर फोक्सवॅगन बीटल उत्तम. मेक्सिकोत ती 2003 पर्यंत बनत होती. चारही मडगार्ड बोल्टवर, मध्ये बीडिंग, म्हणजे मडगार्ड आणि बॉडीच्या सांध्यात बसणारी पट्टी. बोल्ट बॉडीत वेल्ड केलेल्या नटांत शिरतात. असा नट सुटून जागच्या जागी फिरू लागला की बोल्टचं डोकं कापण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून आधी वायर ब्रश मारा, गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर मुरू द्या. सकाळी बोल्ट थोडा ढिला, थोडा परत घट्ट. करकरला की थांबा, पुन्हा तेल द्या. लाल भुकटी गळू लागली, की सुटतोय. तरीही हलेना तर गॅसने तापवतात. पण बीटलची पेट्रोल टाकी पुढे, बोनेटखाली असते. पुढचं काही तापवण्याआधी टाकी उतरवून गाडीपासून लांब ठेवायची. यात मी कुणाचंच ऐकत नाही.

मडगार्ड निघाले की दाराखालचे हीटर चॅनल नीट दिसतात. इंजिनाची गरम हवा त्यातून आत येते, आणि बॉडीचा भारही त्यांच्यावरच. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. पापुद्रे सुटले तर पत्रा गेला. बॅटरी मागच्या उजव्या सीटखाली असते, तिथला तळ ॲसिडने हमखास सडतो.

चॅनल कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल टॅक करा, म्हणजे वेल्डच्या छोट्या ठिपक्यांनी तात्पुरता जोडा, आणि एका वेळी एकच बाजू घ्या. नाहीतर बॉडी खाली वाकते, मग दार काही केल्या लागत नाही. दाराभोवतीच्या फटी आधीच मोजून लिहून ठेवा. सडका भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचा, नवा तुकडा लांबलांब टॅक मारत, थंड होऊ देत जोडायचा. सलग वेल्ड ओढला तर पत्रा वेडावाकडा होतो. गंजावर लांबी (पुट्टी) फासून गाडी देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पावसाळ्यात रंगाला फोड येतात आणि मालक पुन्हा पैसे भरतो.

आयटीआयचा शीट मेटल वर्करचा एक वर्षाचा ट्रेड करून आलात तर उत्तम, पण सोबत एखाद्या जुन्या डेंटरकडे, म्हणजे गाडीचा पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या कारागिराकडे, हात बसवा. जोडणीत मडगार्डचे सगळे बोल्ट आधी सैल लावा, बीडिंग सरळ बसवा, मगच आळीपाळीने आवळा.