पिढीजात बेकरीचा इतिहास कसा लिहावा

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा किंवा मांडवीच्या परिसरात पणजोबांनी सुरू केलेली बेकरी आजही ज्यांच्या घरात चालू आहे, आणि तिचा इतिहास जाणती माणसे हयात असतानाच लिहून ठेवावा असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. घरातली आठवण तारखेच्या कागदाशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय इतिहास म्हणून लिहू नये, एवढे एकच पथ्य मी आग्रहाने सांगेन. हे का आवश्यक आहे, ते न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या इटालियन कुटुंबांच्या बेकऱ्यांवरून चांगले कळते.

तिथल्या अनेक घराण्यांत असे सांगतात की, न्यूयॉर्क बंदरात परदेशातून येणाऱ्यांची तपासणी जिथे होई, त्या एलिस बेटावरच्या कारकुनाने आजोबांचे आडनाव बदलून टाकले. वस्तुतः १८९२ साली सुरू झालेल्या त्या ठाण्यावरचे अधिकारी नव्याने नावे लिहून घेतच नसत. बोट सुटण्यापूर्वीच तयार झालेल्या उतारूंच्या यादीवरून ते तपासणी करीत, आणि आडनावे बहुधा पुढे शाळेत, नोकरीत किंवा नागरिकत्व घेताना बदलली गेली. त्याच यादीत मात्र उतारूचे वय, धंदा, मूळ गाव आणि तो कोणाकडे चालला आहे, हे लिहिलेले सापडते. म्हणजे दंतकथा खोडणारा कागदच खरी माहितीही देतो. आपल्याकडे ‘सयाजीराव महाराजांनी पणजोबांना बोलावून आणले’ हे वाक्य असेच घरोघरी ऐकू येते. ते खरे असू शकते, परंतु त्यासाठी नेमणुकीचा हुकूम, पगाराची नोंद किंवा जागेचा दस्त शोधला पाहिजे. बडोदे संस्थानचे दप्तर गुजरात राज्याच्या अभिलेखागाराच्या वडोदरा शाखेत आहे, आणि जुने मराठी कागद मोडीत असल्यास जाणकाराकडून वाचून घ्यावेत.

दुसरी सावधगिरी स्थापनेच्या वर्षाबाबत बाळगावी. न्यूयॉर्कमधील ‘वेनिएरोज’ हे प्रसिद्ध पेस्ट्रीचे दुकान आपले स्थापनावर्ष १८९४ सांगते; पण अँतोनिओ वेनिएरो यांनी आरंभी तिथे बिलियर्डचा अड्डा काढला होता, आणि खेळायला येणाऱ्यांना कॉफीबरोबर गोड पदार्थ देता देता मिठाईचा धंदा उभा राहिला. म्हणून पाटीवरचे साल नेमके कशाचे, ते आधी ठरवावे: जागा घेतल्याचे, भट्टी बांधल्याचे, की पहिला परवाना मिळाल्याचे. परवान्यावरची तारीख पुसट झाली असेल, तर माथ्यावर छापलेले राज्य पाहावे. १ मे १९४९ पूर्वीच्या कागदावर बडोदे संस्थान असेल, त्यानंतर १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्य (जानेवारी १९५० पूर्वी मुंबई प्रांत) आणि पुढे गुजरात. एवढ्यावरूनही बराच उलगडा होतो.

सर्वांत मोलाचे साधन म्हणजे जमाखर्चाची वही. लाल कापडी बांधणीच्या अशा चोपड्यात पहिल्याच पानावर कुंकवाचा स्वस्तिक आणि एकाखाली एक वाढत जाणाऱ्या ‘श्री’चा मनोरा असतो, आणि तिथेच संवत लिहिलेला असतो, त्यामुळे हे पान ‘पूजेचे’ म्हणून सोडून न देता सर्वप्रथम त्याचेच छायाचित्र घ्यावे. गुजराती रीतीने विक्रम संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. म्हणून पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या नोंदींसाठी संवतातून ५७ आणि जानेवारीपासून पुढच्या आश्विन अमावास्येपर्यंत ५६ वजा करावेत. संवत २००० ची वही ही १९४३ च्या दिवाळीपासून १९४४ च्या दिवाळीपर्यंतची. १ एप्रिल १९५७ पूर्वीचे हिशेब रुपये-आणे-पैचे, म्हणजे १६ आण्यांचा आणि १९२ पैंचा रुपया धरून वाचावेत. शेराचे वजन मात्र गावोगाव निराळे असे. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा भरतो, पण आपल्या वहीतला शेर तोच होता असे गृहीत धरू नये. घरून मैदा, साखर आणि तूप घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांना नानकटाई भाजून देण्याची ‘मजुरी’ वेगळी लिहिलेली असेल, तर त्या नोंदी अवश्य उतरवून घ्याव्यात, कारण कोणत्या सणाला कोणत्या वाड्यांतून माणसे येत, हे त्यांतूनच कळते.

वहीत कष्ट लिहिलेले नसतात, ते विचारावे लागतात. न्यूयॉर्क राज्याने १८९५ साली बेकरीतील कामगारांसाठी दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली होती. १९०५ साली एका बेकरीमालकाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कायदा करण्याची पाळी आली, यावरूनच तळघरातल्या भट्ट्यांपुढे माणसे किती राबत असतील, ते समजते. आपल्या घरी ‘इतिहास सांगा’ असे म्हणू नये. पहाटे भट्टी कोण पेटवी, लाकूड की कोळसा, खारीचे पत्रे कोण पुसून ठेवी, उधारी कोण वसूल करी, असे विचारावे. हे प्रश्न आजी, काकू आणि आत्या यांना आवर्जून विचारावेत, कारण परवाना पुरुषांच्या नावावर असला, तरी पाकिटे भरणे आणि गल्ला सांभाळणे बहुधा त्यांच्याकडे असते. भट्टीवरच्या जुन्या कारागिरांनाही वगळू नये. त्यांच्याशिवाय लिहिलेला इतिहास मला अपुराच वाटतो. कृती तोंडी विचारण्यापेक्षा त्यांना पीठ मळायला लावावे आणि त्यांची प्रत्येक मूठ काट्यावर टाकून ग्रॅममध्ये टिपावी.

वाटणीच्या प्रसंगाबद्दल दोन भावांच्या घरी दोन हकिकती ऐकायला मिळतील. वाटणीपत्र असेल, तर तारीख आणि हिस्से त्यावरून घ्यावेत. बाकीच्या दोन्ही हकिकती सांगणाऱ्याच्या नावासह लिहाव्यात, आणि छापण्यापूर्वी तो मजकूर दोन्ही घरांना वाचायला देऊन संमती घ्यावी.