नॉइज काढणारी सॉफ्टवेअर ताडून बघताय? या चुका टाळा

बेळगावातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. मिरवणूक संपली की प्रत्येक फोटोग्राफरच्या कार्डावर आयएसओ (कमी प्रकाशातला फोटो उजळ करणारी कॅमेऱ्याची सेटिंग) 6400 ते 12800 चे, नॉइजने म्हणजे दाण्यांनी भरलेले शेकडो फोटो असतात आणि पुढचा आठवडाभर एकच वाद रंगतो. नॉइज काढायला लाइटरूमचा डिनॉइज भारी, डीएक्सओ प्युअररॉ भारी, की टोपाझ? वाद घालायला हरकत नाही, पण ज्या पुराव्यावर निकाल लावले जातात तो बघितला की डोक्याला हात लावायची वेळ येते.

एकाला रॉ, दुसऱ्याला जेपेग

ही सगळ्यात चिवट चूक, आणि ती अशी घडते. मिरवणुकीतला एक फोटो घेतला: आयएसओ 10000, रथावर हॅलोजनचा झोत, मागे अंधारात गर्दी. त्याची रॉ फाइल (सेन्सरने टिपलेला कच्चा डेटा) लाइटरूमला दिली, तीच प्युअररॉला दिली. टोपाझला मात्र कॅमेऱ्यातून तयार होऊन निघालेली जेपेग दिली, कारण ती समोर होती. तिघांचे निकाल शेजारी ठेवले आणि जाहीर केलं, प्युअररॉ पहिला, टोपाझ ढ.

टोपाझला मिळालेल्या जेपेगवर कॅमेऱ्याने आधीच नॉइज रिडक्शन आणि शार्पनिंग करून ठेवलं होतं. बारीक तपशील तिथेच गेला होता, आणि उरलेल्या डागांना शार्पनिंगने धार आली होती. त्यावर कुठलंही सॉफ्टवेअर चालवा, त्वचा मेणासारखी दिसणारच. प्युअररॉचा विजयही निम्मा उधारीचा. ते नॉइजबरोबर लेन्सची दुरुस्तीही करतं: कडांचा मऊपणा कमी करतं, काळवंडलेले कोपरे उजळतं. बघणाऱ्याला वाटतं, नॉइज काढून तपशील बाहेर आला. तो आला लेन्स शार्पनिंगमुळे. ते बंद करून बघा, निम्मा फरक तिथेच मिटतो.

म्हणून ताडून बघायचं तर सगळ्यांना एकच रॉ फाइल द्या. ज्याचं रॉवर धड चालत नसेल, त्याला त्याच रॉमधून काढलेली 16 बिट टिफ फाइल द्या. ती काढताना शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन 0. लाइटरूम रॉ उघडतानाच शार्पनिंग 40 आणि कलर नॉइज (रंगीत डाग) कमी करणं 25 लावून ठेवतं, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. लेन्स दुरुस्ती सगळीकडे बंद. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांची जुळवणी) ‘ऑटो’वर नको, आकडा टाका. हॅलोजनला 3200 केल्विनच्या आसपास चालतो, पण तिन्हीकडचा रंग एकसारखा दिसतो ना, ते डोळ्यानेही बघा. शेवटी फाइलींना क, ख, ग अशी नावं दुसऱ्या कुणाकडून तरी द्यायला लावा. पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर नाव दिसलं की जास्त चांगलं वाटतं.

चुकीच्या जागी बघणं

मोकळं आकाश किंवा भिंत झूम करून ‘बघा किती साफ’ म्हणणाऱ्यांना काय सांगावं? सपाट भिंत कुणीही साफ करतं. परीक्षा होते ती शहापूर-वडगावच्या साडीच्या काठावर, मागच्या रांगेतल्या लहानशा चेहऱ्यावर आणि फ्लेक्सवरच्या अक्षरांवर. स्लायडर जास्त ओढला की अनुस्वाराचा टिंब नॉइज समजून पुसला जातो आणि ‘मंडळ’चं ‘मडळ’ होतं. कन्नड पाट्यांवरची गोल वळणं एकमेकांत मिसळतात. मागच्या चेहऱ्यांना तर एआय सॉफ्टवेअर मनानेच डोळे आणि ओठ देतं. कार्यकर्त्याला आपलाच फोटो ओळखू येत नाही, आणि बोलणी फोटोग्राफरला बसतात.

भंडाऱ्याचं तेच. सौंदत्तीच्या जत्रेत हवेत उधळलेल्या भंडाऱ्याचे कण हाच फोटोचा जीव असतो आणि सॉफ्टवेअरला ते नॉइजच वाटतात. अशा फोटोत लाइटरूम डिनॉइजचा आकडा ठरलेल्या 50 वर सोडू नका, 25-30 वर आणा. तरीही कण जात असतील, तर मूळ फाइल आणि साफ केलेली फाइल फोटोशॉपमध्ये एकावर एक ठेवा आणि मास्क लावून भंडाऱ्याच्या भागात मूळ दाखवा. वेळ जातो, जाऊ द्या.

आयएसओची भीती

नॉइजचं खापर आयएसओवर फोडतात, पण खरा दोषी कमी प्रकाश. ‘आयएसओ 3200 च्या वर जायचं नाही’ असा नेम करून अंधारा फोटो काढायचा आणि घरी दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) उजळायचा, यात काहीच वाचत नाही. शटर (ते उघडं राहण्याचा वेळ) आणि अपर्चर (लेन्सचं भोक) तेच असेल तर सेन्सरवर प्रकाश तेवढाच पडला. निकाल 12800 इतकाच, काही कॅमेऱ्यांत त्याहून वाईट. शिवाय हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात फोटोच्या लाल, हिरव्या, निळ्या चॅनलपैकी निळा उपाशी राहतो. व्हाइट बॅलन्स सुधारताना तो ताणला जातो, म्हणून काळ्या कोटात आणि केसांत रंगीत डाग उठतात. सॉफ्टवेअर शोधण्याआधी उभ्या वक्त्याला 1/500 ऐवजी 1/125 शटर लावा, दोन स्टॉप तिथेच मिळतात. एफ 2.8 चा झूम बाजूला ठेवून एफ 1.8 ची 50 एमएम लेन्स लावली तर आणखी सव्वा स्टॉप. नवशिक्यांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना बटण हवं असतं.

बाकीच्या, थोडक्यात

कॅमेऱ्यातलं हाय आयएसओ नॉइज रिडक्शन सहसा जेपेगपुरतं असतं; रॉ वापरणाऱ्यांनी त्यावरून भांडू नये. लाँग एक्सपोजरच्या नॉइज रिडक्शनचं वेगळं: ते चालू असेल तर 30 सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ काळी फ्रेम घेतो आणि ती रॉमधूनही वजा होते.

प्युअररॉवरून काढलेल्या फाइलवर परत टोपाझ चालवू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला किंवा यूट्यूबवर दिसलेला नमुना बघून सॉफ्टवेअर विकत घेऊ नका, कॉम्प्रेशनमध्ये बारीक दाणा आधीच मेलेला असतो.

डिनॉइज आधी, हीलिंग (डाग पुसणं) आणि मास्क नंतर.

ग्राफिक कार्ड धड नसेल तर एका फोटोला काही मिनिटं लागतात. लग्नाचे सगळे फोटो रात्रभर लावून ठेवणं हा शुद्ध अविचार. आधी निवड करा. जुन्या लॅपटॉपवर फुकटचं डार्कटेबल आहे. त्यातला प्रोफाइल्ड डिनॉइज कॅमेरा आणि आयएसओ ओळखून चालतो, कलर नॉइज चांगला मारतो. त्याला नावं ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो उघडलेलाही नसतो.

200 टक्क्यांवर निकाल

12×36 इंची अल्बममध्ये अर्धी शीट म्हणजे 12×18 इंच. 24 मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू 6000 पिक्सेल, म्हणजे 18 इंचांत इंचाला 333 पिक्सेल. 24 इंची फुल एचडी मॉनिटर इंचाला साधारण 92 दाखवतो. म्हणजे 100 टक्के झूमवरच (फोटोचा एक पिक्सेल, पडद्याचा एक पिक्सेल) तुम्ही छापील फोटोच्या साडेतीन पट मोठं बघताय; 200 वर सात पट. तिथे दिसणारा दाणा कागदावर दिसत नाही, आणि तो घालवताना गेलेला साडीचा काठ मात्र दिसतो. 50 टक्क्यांवर बघा. तरी शंका राहिली तर तिन्ही फाइलींमधून चेहरा, काठ आणि अंधाराच्या एकसारख्या पट्ट्या कापा, एकाच 12×18 वर मांडा आणि तुमचा अल्बम जिथे छापतो त्याच लॅबमध्ये त्याच कागदावर छापून घ्या. लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर पट्ट्यांवर त्याचं शार्पनिंग चढून येतं.